गोळीच्या आधी खोटं येतं

साथींनो,

10 ऑक्टोबर हा तलवाड्याचा हुतात्मा दिन. ठाण्याकडचे आपले वारली भाऊबहीण तो पाळतात. आपल्या सातारा-सांगलीत तो पुष्कळांना माहीत नाही, म्हणून या अंकात त्यावरच लिहितो आहोत.

1945 साली वारल्यांनी किसान सभेच्या लाल बावट्याखाली संप केला. मागणी काय, तर पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये मजुरी. जमीनदारांनी डाव टाकला. वारल्यांत निरोप पसरवला, की गोदूताई परुळेकरांच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी तलवाड्याला या. तिकडे सरकारला सांगितलं, वारली हल्ला करायला जमलेत. लोक आले आपल्या बाईला वाचवायला, आणि पोलिसांनी गोळी घातली. जेठ्या गांगड धरून पाच जण गेले. तरी बावटा खाली आला नाही. पुढच्याच वर्षी जंगलकामाच्या मजुरीसाठी पुन्हा संप झाला.

हे एकट्या तलवाड्याचं नाही. दल्ली-राजहराच्या लोखंडाच्या खाणीत ठेकेदाराकडं राबणारे बहुतेक आदिवासीच. पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला पैसे द्या, काम नसेल त्या दिवसाची मजुरी द्या, एवढं त्यांनी मागितलं. जून 1977 मध्ये पोलिसांनी रात्री त्यांचे पुढारी शंकर गुहा नियोगी यांना उचललं. लोकांनी जाब विचारला, तर गोळीबार झाला. अकरा जण मेले. त्यात अनसूयाबाई होती.

सातासमुद्रापार चिली देशातही हेच. सोऱ्याच्या खाणीतल्या मजुरांना पगार म्हणून मालकाच्याच दुकानात चालणारी टोकनं मिळायची. खरे पैसे द्या म्हणून ते बायकापोरांसह इकिके शहरात आले आणि एका शाळेत उतरले. 21 डिसेंबर 1907 ला फौजेनं शाळेवर मशीनगन चालवली. किती मेले, याचा आकडा आजही पक्का नाही.

गवत, झोपडी, पगार. मागणी कुठंच मोठी नव्हती. पण मागणाऱ्याला आधी दंगेखोर ठरवलं, की मग गोळी सोपी होते. आपल्याकडं 1930 साली बिळाशीच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांची गोळी चाललीच की. आणि पारधी समाजाला तर 1871 च्या कायद्यानं जन्मताच गुन्हेगार ठरवलं. 1952 ला कायदा गेला, पण चौकीतली नजर कुठं गेली? आज गायरानात, जंगलात कसणाऱ्या आपल्या माणसाला ‘अतिक्रमणदार’ म्हणतात, ती त्याच खोट्याची पहिली पायरी आहे.

म्हणून आमचं सांगणं असं. तोंडी निरोपावर कुठंही जमू नका, निरोप कुणाचा ते आधी विचारा. मोर्च्याची मागणी कागदावर लिहा, तहसीलला द्या, पोच घ्या. पावती, पंचनामा, दंडाची चिठ्ठी जपून ठेवा. कोण किती वर्षं कसतोय, त्याची नावं गावानं बसून लिहावीत, बायकांचीही. इकिकेच्या मेलेल्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही. तलवाड्याची नावं वारल्यांनी ठेवली, म्हणून ती आज आपल्यापर्यंत आली.

10 ऑक्टोबरला प्रत्येक वस्तीवर बैठक घ्या आणि ही यादी त्याच दिवशी सुरू करा.

तलवाड्याच्या हुतात्म्यांना लाल सलाम!