गुग्गुळ उचलला, जव मागे राहिले

तपासणीचा कागद हाती येतो, एलडीएल कोलेस्टेरॉलच्या आकड्यापुढे ठळक अक्षरांत ‘हाय’ छापलेलं दिसतं आणि घरात पहिला प्रश्न निघतो: गोळी आता जन्माची लागणार का? दुसरा लगेच त्याच्या पाठोपाठ येतो: आयुर्वेदात यावर काही नाही का? या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही हे दोन प्रश्न नेहमी जोडीने असतात. सोबत नावांची यादी असते. मेदोहर गुग्गुळ, अर्जुनसाल, त्रिफळा, लसणाच्या पाकळ्या, भिजवलेले मेथीदाणे. कुणाच्या मेहुण्याचं कोलेस्टेरॉल काढ्याने उतरलेलं असतं, कुणाच्या शेजारणीने डॉक्टरांची गोळी परस्पर बंद केलेली असते.

प्रश्न रास्त आहे, त्याला उडवून लावणं बरोबर नाही. मेद वाढला की शरीराचं काय होतं, याचा विचार चरक-सुश्रुतांनी बारकाईने केला आहे. पण ‘आयुर्वेदात आहे का’ याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात मिळणार नाही. ते समजून घ्यायचं तर गुग्गुळाची हकिकत मुळापासून पाहावी लागते.

गुग्गुळाचं झाड कच्छ-राजस्थानच्या कोरड्या रानातलं. काटेरी, फार तर दोन-तीन मीटर उंच, कागदासारखे पापुद्रे सुटणारी साल. सालीला चीर दिली की पिवळसर चीक पाझरतो, वाऱ्यावर सुकून तांबूस होतो. काष्ठौषधीच्या दुकानात हेच खडे मिळतात. हातात घेतले तर बोटांच्या उबेने चिकट होतात, वास धुपाचा येतो, आणि निरखून पाहिलं तर आत सालीचे तुकडे, वाळू, काडीकचरा अडकलेला दिसतो. म्हणून वैद्य तो तसाच देत नाहीत. त्रिफळ्याच्या काढ्यात शिजवून, गाळून, आटवून त्याचं शोधन करतात. सुश्रुतसंहितेने तर त्याच्या वयाचाही भेद सांगितला आहे: नवा गुग्गुळ शरीराचं पोषण करतो, जुना मेद खरवडतो. एकच डिंक, पण गुण उलटे. औषध कसं आहे, किती जुनं आहे, शुद्ध केलं आहे की नाही, याला आपल्या ग्रंथांनी एवढं महत्त्व दिलं होतं.

1966 साली बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी या वचनाचा धागा धरून प्रबंध लिहिला. मेदोरोगाचं सुश्रुताचं वर्णन आणि आजच्या रक्तवाहिन्या कडक होण्याच्या आजाराचं वर्णन यांत त्यांना साम्य दिसलं. कोलेस्टेरॉल चारून आजारी पाडलेल्या सशांना त्यांनी गुग्गुळ दिला आणि रक्तातली चरबी उतरते असं दाखवलं. पुढे याच सत्यवती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळाचा अर्क तयार केला, माणसांवर चाचण्या घेतल्या, आणि 1987 साली ‘गुग्गुलिपिड’ला कोलेस्टेरॉलचं औषध म्हणून भारतात मान्यता मिळाली. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत एकूण कोलेस्टेरॉल सरासरी 11 टक्क्यांनी उतरलं होतं. पोथीतल्या वचनापासून प्रयोगशाळेपर्यंत आणि तिथून रुग्णापर्यंत आपल्याच माणसांनी केलेला हा प्रवास आहे. त्याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण हकिकत इथे संपत नाही. 2003 साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या 103 जणांवर आठ आठवडे चाचणी घेतली. काहींना गुग्गुळाचा अर्क, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतं आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. बिनऔषधाच्या गटात एलडीएल 5 टक्क्यांनी उतरलं. गुग्गुळ घेणाऱ्यांत ते 4 ते 5 टक्क्यांनी वाढलं, काहींच्या अंगावर पुरळही उठलं. 2009 साली नॉर्वेत झालेल्या एका लहान चाचणीतही एलडीएल हललं नाही.

यावर वैद्यमंडळींनी जे आक्षेप घेतले ते मला विचार करण्याजोगे वाटतात. तिथे दिला तो अर्क होता, शोधन केलेला गुग्गुळ नव्हता. पथ्याची जोड नव्हती. माणसांचा आहार वेगळा होता, प्रकृती पाहिली नव्हती. हे सगळं मान्य केलं तर पुढची जबाबदारी आपलीच ठरते. शोधित गुग्गुळ, पथ्यासह, भारतीय रुग्णांवर, मोठ्या संख्येने आणि पुरेसा काळ देऊन तपासायला हवा होता. ज्या देशाने हे औषध जगाला दाखवलं, त्याने एवढं तर करायलाच हवं. ते न करता ‘मेदोहर’ नावाच्या डब्या मात्र आपण गावोगाव विकत राहिलो. आणि याची किंमत ते झाडही मोजतं आहे. डिंकासाठी वाटेल तशा खोल चिरा दिल्याने झाडं वाळली, आणि 2015 साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने गुग्गुळाची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली.

आकडा उतरला की काम झालं, हा समजही इथेच सोडायला हवा. आपल्या 1989 च्या चाचणीत गुग्गुळाची तुलना क्लोफायब्रेट या त्या काळच्या औषधाशी होती. क्लोफायब्रेटने कोलेस्टेरॉल उतरत असे. पण 1978 साली जाहीर झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत दिसलं की ते घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले. म्हणून औषधाला खरा प्रश्न विचारायचा तो असा: याने हृदयविकाराचे झटके टळले का, माणूस जगला का? कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टर आज ज्या गोळ्या देतात, त्या स्टॅटिन गटाने या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून या गटातलं पहिलं द्रव्य शोधलं. मूळ तिथेही निसर्गातलंच होतं. 1994 साली स्कँडिनेव्हियात 4444 हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांचे मृत्यू 30 टक्क्यांनी कमी झाले. गुग्गुळाला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही.

आता ज्या वचनातून गुग्गुळ उचलला, त्या वचनाकडे पुन्हा वळू. सुश्रुताने मेदावरच्या उपायांत गुग्गुळ, शिलाजित, त्रिफळा सांगितले, पण त्याच दमात जव, मूग, कोद्रा आणि सावा ही धान्यं सांगितली आणि व्यायामही सांगितला. चरकाची स्थूलांसाठीची यादी तर आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी अशी आहे: जव, सावा, कोद्रा, मूग, कुळीथ, तूर, पडवळ, आवळा. तिच्यातल्या एका धान्याला अभ्यासक ज्वारी मानतात. म्हणजे ग्रंथकारांच्या मनात औषध आणि ताट वेगळे नव्हते. आपण त्यातली गोळी होण्याजोगी वस्तू तेवढी उचलली आणि ताट मागे ठेवलं.

आणि पुरावा नेमका त्या मागे राहिलेल्या ताटाच्या बाजूने आहे. जवात बीटा-ग्लुकॅन नावाचा विरघळणारा तंतू असतो. पाण्यात तो बुळबुळीत होतो. जवाची पेज गार झाल्यावर जो दाटपणा येतो तो बराचसा त्याचाच. यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्ताम्लं तयार करतं, ती आतड्यात येतात आणि बहुतांश पुन्हा रक्तात शोषली जातात. हा तंतू त्यातली काही अडकवून शौचावाटे बाहेर नेतो. मग नवी पित्ताम्लं करायला यकृताला रक्तातलं एलडीएल ओढून घ्यावं लागतं. रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकॅन पोटात गेलं तर एलडीएल साधारण पाच-सात टक्क्यांनी उतरतं. अमेरिका आणि युरोपच्या अन्न नियामकांनीही हा गुण तपासून मान्य केला आहे. 3 ग्रॅम म्हणजे साधारण 60 ते 75 ग्रॅम जव, दोन भाकऱ्यांच्या पिठाएवढे. गुजरातेत उंझा-सिद्धपूरच्या बाजूला पिकणाऱ्या इसबगोलाचं कामही याच रीतीने चालतं; रोज 10 ग्रॅमच्या आसपास, भरपूर पाण्यासोबत घेतला तर पाच ते दहा टक्के फरक पडतो. इतर औषधं मात्र त्याच्यासोबत लगेच घेऊ नयेत, मध्ये दोनेक तास जाऊ द्यावेत.

बाकीच्या नावांचा हिशेब लहान आहे. लसूण स्टॅनफर्डमध्ये 2007 साली 192 जणांवर सहा महिने तपासला गेला, कच्चाही आणि गोळ्यांच्या रूपातही. एलडीएलवर परिणाम दिसला नाही. फोडणीत तो जरूर घालावा, पण औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नये. अर्जुनसालीवरचे अभ्यास लहान आहेत आणि ते मुख्यतः छातीतल्या दुखण्याबद्दल आहेत. मेथीदाण्यांतही तंतू आहे, त्याचा थोडा उपयोग होतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती परस्पर बंद केलेल्या गोळीची. ज्यांना झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसला आहे, मधुमेह आहे किंवा ज्यांचं एलडीएल 190 च्या पुढे आहे, त्यांनी काढ्याच्या भरवशावर स्टॅटिन सोडणं जिवाशी खेळणं आहे. 190 च्या पुढचा आकडा अनेकदा आनुवंशिक असतो, तिथे उत्तमातलं उत्तम पथ्यही अपुरं पडतं. शिवाय आपल्याकडे वेळ कमी असतो. दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. स्टॅटिनने स्नायू दुखतात ही तक्रार खरी असू शकते, पण चाचण्यांचा एकत्रित हिशेब सांगतो की अशा दहा तक्रारींपैकी नऊहून अधिक तक्रारींचं कारण गोळी नसतं. साखर किंचित वाढू शकते, तीही तपासता येते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगावं. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते.

गुग्गुळ आणि डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र घेणाऱ्यांनीही जपायला हवं. गुग्गुळ शरीरातल्या इतर औषधांच्या कामात हात घालतो. 1994 साली मुंबईतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की गुग्गुलिपिडसोबत घेतलं तर प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही हृदयाची औषधं रक्तात कमी पोचतात. म्हणजे रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण तिचा पुरता उपयोग होत नाही, आणि का होत नाही हे कुणाला कळतही नाही. शिवाय वनस्पतीचं औषध निरुपद्रवीच असतं असंही नाही; गुळवेलीचं उदाहरण पाहा. 2021 साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पती नेमकी कोणती होती, अशी हरकत आयुष मंत्रालयाने घेतली. ती हरकत मान्य केली तरी चिंता कमी होत नाही, कारण बाटलीत गुळवेलच आहे की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे ग्राहकाने कसं ओळखायचं? हृदयविकार, मधुमेह, लठ्ठपणा बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने मनाई आहे. तरी त्या रोज आपल्या फोनवर येऊन पडतात.

मग करायचं काय? भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 साली मर्यादा आखून दिल्या आहेत: धोका कमी असलेल्यांनी एलडीएल 100 च्या आत, जास्त धोका असलेल्यांनी 70 च्या आत, अतिशय जास्त धोका असलेल्यांनी 55 च्या आत ठेवावं. आपण कुठल्या गटात बसतो हे आधी डॉक्टरांकडून समजून घ्या. धोका कमी असेल तर तीन महिने पथ्याला देता येतात. रोजच्या पिठात जव मिसळा, ज्वारीची भाकरी करा, आठवड्यातून दोनदा कुळथाचं पिठलं, मुगाची उसळ. खारी, नानकटाई, फरसाण बंद. रोज घाम येईल एवढं चाला. तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा रक्त तपासा आणि आकड्याला बोलू द्या. धोका जास्त असेल तर हेच ताट गोळीच्या जोडीने घ्या. चांगला वैद्य यात मोलाची साथ देऊ शकतो, कारण पथ्य रोजच्या जगण्यात बसवणं ही त्याची विद्या आहे. त्याच्याकडे जाताना चालू गोळ्यांची पूर्ण यादी सोबत न्या, आणि तो जे देईल ते आपल्या डॉक्टरांनाही सांगा.

सरकारकडून आणि संशोधन संस्थांकडून मात्र एक मागणी ठामपणे करायला हवी. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. ऊर्मिला थत्ते यांच्यासारख्या संशोधकांनी आयुर्वेदाची औषधं आधुनिक कसोट्यांवर तपासण्याची वाट घालून दिली आहे. त्याच वाटेने गुग्गुळाची मोठी, झटके आणि मृत्यू मोजणारी, पथ्यासह केलेली चाचणी भारतात व्हावी. गुग्गुळ कसोटीला उतरला तर जगाला एक औषध मिळेल. नाही उतरला तर रुग्णांचे पैसे वाचतील, त्यांचा वेळ वाचेल आणि कच्छमधली उरलेली झाडंही वाचतील. दोन्ही निकाल आयुर्वेदाच्या हिताचे आहेत, कारण स्वतःच्या औषधाचं वय, शुद्धी आणि गुण पारखून घेण्याची शिस्त त्याच शास्त्राने घालून दिली आहे. ती चाचणी होईपर्यंत गुग्गुळावर हृदयाचा भार टाकू नका; गोळी डॉक्टरांवर सोपवा आणि जवाची जबाबदारी स्वतः घ्या.