पत्र्यालाही नकाशा?

गेल्या पावसाळ्यात दिघीतल्या आमच्या घराचे पत्रे गळू लागले. वडिलांनी ते बदलायचे ठरविले, तोच एक गृहस्थ आले. म्हणाले, "नकाशा काढा, परवानगी घ्या, मी करून देतो." चौथी शिकलेले वडील घाबरले. मी 1966 चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा वाचला. कलम 43 प्रमाणे, बाहेरचे रूप फारसे न बदलणाऱ्या देखभाल-दुरुस्तीला परवानगी लागतच नाही! दारूगोळा कोठाराभोवतीच्या रेड झोनचे निर्बंध मला पटतात. 2016 साली पुलगावला काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. (आमचे घर त्या झोनबाहेर आहे.) परंतु पत्र्याला नकाशा मागितल्याने धंदा नकाशावाल्याचाच होतो. ही सवलत कार्यालयाच्या दारावर ठळक मराठीत का लावू नये? वडील अजून विचारतात, "पण साहेबाची सही लागेल ना?"