एकाची गुंठेवारी, दुसऱ्याचं अतिक्रमण

या आठवड्यात ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांचं घर गुंठेवारीत नियमित झालं. पेढे देता देता ते म्हणाले, "गायरानवाले मात्र सरकारी जमिनी फुकटात लाटतात हो!" पेढा उत्तम होता, म्हणून तिथे गप्प बसलो.

गुंठेवारी शहरातल्या माणसाला समजावून सांगायला नको. बिनशेती नाही, मंजूर रेखांकन नाही. बाँडपेपरवर प्लॉट घेतला नि घर उभं केलं. २००१ साली अशी घरं नियमित करायचा कायदा आला, २०२१ मध्ये मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली गेली. चांगलंच झालं. त्यात सगळ्या जातिधर्मांची गरीब माणसं आहेत.

आता गायरान, म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. मराठवाड्यातल्या भूमिहीन दलित कुटुंबांनी दगड वेचून, माळ फोडून तिथे ज्वारी-बाजरी पिकवली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. पण पुरावा काय? गाव नमुना एक-ई या अतिक्रमणांच्या नोंदवहीतली नोंद, नाहीतर दंडाची पावती. नोंद करणार तलाठी, आणि तलाठ्याची उठबस कोणाच्या ओसरीवर, हे गावाला पाठ असतं. नोंद नाही, म्हणजे तीस वर्षांची वहिती नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावर नोटिसा पोचल्या.

गुंठेवारी खासगी जमिनीवर असते आणि गायरान सरकारी, असं कोणी म्हणेल. कबूल. पण ती जमीन खासगी झाली कशी? १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने कुळांना मालकीची वाट मोकळी झाली. सालगडी आणि गावकीची कामं करणारा कागदावर कूळ नव्हताच. म्हणजे ज्याच्या आजोबाचं नाव कूळ म्हणून लागलं, तो आज शहराकडेची जमीन गुंठ्यागुंठ्याने विकतो. ज्याच्या आजोबाचं लागलं नाही, तो अतिक्रमणदार.

अमेरिकेतही हेच घडलं. १८६२ च्या कायद्याने वसाहतकऱ्यांना प्रत्येकी १६० एकरांपर्यंत जमीन मिळाली, त्यात बहुसंख्य गोरे. १८६५ मध्ये गुलामीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा लष्करी हुकूम निघाला, आणि त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी ती बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत दिली. पुढच्या पिढ्यांनी वंशभेदावर व्याख्यानं ऐकली.

आपल्याकडेही दर १४ एप्रिलला 'मनातली जात गेली पाहिजे' असं कोणीतरी बोलतंच. सोयीचं आहे. मन साफ करायला एक गुंठाही सोडावा लागत नाही.

भूमिहीन दलितांना जमीन विकत घेऊन देण्याची, दादासाहेब गायकवाडांच्या नावाची २००४ ची योजना आहे: चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. पण सरकारी दरात जमीन विकणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे. त्यापेक्षा गायरानाला गुंठेवारीचाच नियम लावा. मुदत पुढे ओढा, एक-ई नसेल तर स्थळपाहणी आणि शेजाऱ्यांचे जबाब धरा, शुल्क घ्या, सातबारा द्या.