डॉक्टर, खर्च किती येईल?

आळेफाट्यावरून नारायणगाव, कळंब करीत मंचरकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना रुग्णालयांच्या पाट्या दिसू लागतात. एके काळी गावात एखादा एमबीबीएस डॉक्टर असला तरी गाव स्वतःला भाग्यवान समजे. त्याच पट्ट्यात आज अतिदक्षता विभाग आहेत, हाडांचे, हृदयाचे, लहान मुलांचे तज्ज्ञ आहेत. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर द्राक्षे, टोमॅटो आणि ऊस पिकवून जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांनी जी सुबत्ता मिळविली, तिचा एक हिस्सा या पाट्यांत उतरला आहे. पण तज्ज्ञ आले, यंत्रे आली, तरी एक प्रश्न मात्र नातेवाइकांच्या ओठांपर्यंत येतो आणि तसाच परत जातो : डॉक्टर, खर्च किती येईल?

मी डॉक्टर नाही. पण आपल्याकडे प्रत्येक गावात चार बुके शिकलेला एक माणूस असतो आणि घरात कोणी गंभीर आजारी पडले की त्याला गाडीत बसवून दवाखान्यात नेले जाते. त्याने डॉक्टरांशी बोलायचे, कागद वाचायचे आणि बाहेर येऊन 'काय म्हणाले' ते सांगायचे, अशी ही बिनपगारी नोकरी. ती मी बरीच वर्षे करीत आलो आहे. काचेच्या दाराच्या दोन्ही बाजूंचे ऐकून माझे असे मत झाले आहे, की आपल्याकडे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातली निम्मी भांडणे उपचारांवरून होत नाहीत. ती पैशाबद्दल वेळेवर न झालेल्या बोलण्यावरून होतात.

या न बोलण्यात दोन्ही बाजूंचा हात आहे. आधी आपली बाजू घेऊ. रोग्याला खाटेवर घेतात, डॉक्टर बाहेर येतात आणि घोळक्यातून कोणीतरी छाती पुढे काढून म्हणतो, "पैशाची काळजी करू नका डॉक्टर, माणूस वाचला पाहिजे." हे वाक्य म्हणणारा बहुधा गावचा पुढारी असतो, किंवा मुंबईहून फोनवर असलेला चुलतभाऊ. ज्याच्या नावावर सोसायटीचे कर्ज आहे तो सख्खा मुलगा मागे भिंतीला टेकून गप्प उभा असतो. डॉक्टर पुढाऱ्याचे ऐकतात आणि बिल मात्र त्या गप्प मुलापुढे येते. चौथ्या दिवशी पुढारी फोन उचलत नाही आणि मुलाला वाटते की डॉक्टरांनी आपल्याला लुटले.

त्यात आपला पैसा महिन्याच्या एक तारखेला येणारा नव्हे. दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो. उसाचे बिल विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखाना देईल तेव्हा. टोमॅटोचे तर विचारूच नका. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात ज्याने सोन्याचा भाव पाहिला, त्याच शेतकऱ्याने थोड्याच आठवड्यांत भाव कोसळतानाही पाहिला. पश्चिमेला आहुपे, भीमाशंकरच्या डोंगरात राहणाऱ्या महादेव कोळी कुटुंबाच्या हाती रोख रक्कम यायची ती प्रामुख्याने हिरड्याच्या दिवसांत. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने ती झाडेच मोडली तेव्हा त्या घरांचे वर्षाचे गणित मोडले. तेव्हा 'ऐपत आहे का' एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. पैसा केव्हा येणार, हेही विचारावे लागते. हे कॅलेंडर ठाऊक असलेला डॉक्टर निम्मी रक्कम आता आणि निम्मी उसाच्या बिलानंतर असे बोलू शकतो. ज्याला ते ठाऊक नाही त्याला समोरचा माणूस एक तर बुडवा वाटतो, नाही तर गरीब. बहुतेक वेळा तो दोन्ही नसतो.

आता डॉक्टरांची बाजू. तिशी ओलांडेपर्यंत शिकून मुलगा तालुक्याला परत येतो. जागा, इमारत, यंत्रे, जनरेटर, तीन पाळ्यांचा नोकरवर्ग आणि या सगळ्यावर बँकेचा हप्ता. शरीरशास्त्राची जाड पुस्तके त्याने पाठ केलेली असतात, पण ताळेबंद कसा वाचावा, खाटा रिकाम्या राहिल्या तर हप्ता कसा फेडावा, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. देशातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमत्ता यांचे स्वतंत्र पाठ आले ते २०१९ मध्ये. त्याआधी शिकलेल्यांनी, म्हणजे आज तालुक्यात स्थिरावलेल्या बहुतेकांनी, हे सगळे ठेचा खात शिकले. गंभीर बातमी कशी सांगावी याची जगभर शिकवली जाणारी सहा पायऱ्यांची एक पद्धत आहे. बेल आणि बकमन यांनी ती २००० साली मांडली. शांत जागी बसवा, समोरच्याला काय ठाऊक आहे ते विचारा, भावनांना वाट द्या, असे सारे त्यात आहे. पैशाची पायरी मात्र त्यात नाही. आपल्याकडे बातमी आणि बिल एकाच दारातून येतात.

गावचा म्हणून फी मागायला संकोच, आपल्या मास्तरांकडून कशी घ्यायची, सरपंचाला कशी सांगायची, अशा भिडेपोटी तपासणीची फी कमी ठेवायची आणि मग औषधांतून, तपासण्यांतून, एखाद्या अनावश्यक सलाईनमधून ती भरून काढायची, ही रीत कशी पडली ते मला कळते. पण कमी फी म्हणजे सेवाभाव, ही समजूत खोटी आहे. अर्थात सल्ल्याचे पैसे द्यायचे म्हटले की आपल्याच जिवावर येते; नुसते बोलले आणि पैसे घेतले, अशी तक्रार करणारेच 'एक सलाईन लावा ना' म्हणून हट्ट धरतात. बोलण्याला किंमत नाही असे दोघांनी मिळून ठरविल्यावर बोलणे होणार कसे?

खरे तर याविषयीचा नियम फार साधा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत स्पष्ट लिहिले आहे, की वैद्याने आपली फी सेवा देण्याआधी सांगावी. शस्त्रक्रिया किंवा उपचार सुरू झाल्यावर नव्हे. त्याच नियमात 'गुण आला तर पैसे' असा करार करणेही अनैतिक ठरविले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे २००२ चीच चौकट कायम राहिली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवेला ग्राहक कायद्याखाली आणले तेव्हा वैद्यकविश्वात केवढा गहजब झाला होता! आता रुग्ण आणि डॉक्टर यांचे नाते संपले, असे म्हटले गेले. पण किंमत आधी सांगणे हे नात्याच्या विरुद्ध कसे? राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी तर दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावायला सांगितले. आणि बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, हेही त्या सनदेत आहे. किती लोक तो कागद वाचतात, हा भाग निराळा.

नियम साधा असला, तरी आजार साधा नसतो, हे मान्य केले पाहिजे. या दोन तालुक्यांतले सर्वांत बोलके उदाहरण सर्पदंशाचे. उसात, द्राक्षबागेत, पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्या घरात साप हा रोजचा शेजारी. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये यासाठी या भागात उपचारांचे आणि लोकजागृतीचे काम उभे केले, ते सर्वांना परिचित आहे. सापाची लस, म्हणजे प्रतिविष, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. खासगीत तिचे पैसे पडतात. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात. पुढे किती, हे पहिल्या तासात कोणीही सांगू शकत नाही. घोणस चावली तर रक्त गोठत नाही, मूत्रपिंडे बंद पडू शकतात, डायलिसिसची वेळ येते. अशा वेळी 'खर्च किती' याला एक आकडा हे खोटे उत्तर आहे आणि 'सांगता येत नाही' हे अर्धवट. चांगले डॉक्टर येथे काय करतात? काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवायचे आणि ते गोठले का पाहायचे, ही सर्पदंशाची साधी तपासणी आहे. ती नळी नातेवाइकाला दाखविता येते. रक्त अजून पातळ आहे, म्हणून आणखी लस. हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस कुप्यांच्या संख्येवरून वाद घालत नाही.

याहून कठीण बोलणे व्हेंटिलेटरचे. मण्यार रात्री चावते, दंश अनेकदा कळतही नाही आणि सकाळपर्यंत पापण्या मिटतात, श्वास थांबू लागतो. अशा रोग्याला व्हेंटिलेटर लावला, की तो हलत नाही, डोळे उघडत नाही, पाहणाऱ्याला तो गेल्यासारखाच दिसतो. पण विषाचा अंमल उतरला की काही दिवसांत तो उठून बसू शकतो. शेजारच्याच खाटेवर मेंदूत मोठा रक्तस्राव झालेले आजोबा असतात. त्यांनाही तेच यंत्र, तोच आवाज, रोजचा तोच आकडा. नातेवाइकांना दोन्ही खाटा सारख्याच दिसतात. एके ठिकाणी चार दिवस पैसे उभे करणे म्हणजे तरुण जीव वाचविणे, तर दुसऱ्या ठिकाणी जमिनीचा तुकडा विकूनही फारसे काही हाती लागणार नसते. हा फरक डॉक्टरांशिवाय कोण सांगणार? तो सांगितला नाही, तर मण्यारीच्या रोग्याला 'आता काही राम नाही' म्हणून सही करून घरी नेले जाते आणि आजोबांसाठी शेत गहाण पडते. पैशाविषयी बोलणे म्हणजे रोगाविषयीच बोलणे असते, ते येथे.

'पुण्याला हलवा' हे तर दोन शब्दांचे वाक्य. त्याचा अर्थ 'येथे यंत्र नाही' असा असू शकतो, 'येथे वाचणार नाही' असा असू शकतो, किंवा 'तुमच्या लोकांचा रागरंग मला ठीक दिसत नाही' असाही. मारहाणीच्या भीतीने डॉक्टर आताशा हे वाक्य लवकर उच्चारतात. हिंसाचाराविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरीही काचा फुटतातच. कारण ज्याला सकाळी 'सुधारणा आहे' असे सांगितले, त्याला रात्री एकदम मृत्यू आणि बिल यांना सामोरे जावे लागते. आणि या दोन शब्दांना आणखी एक चौथा अर्थ चिकटला आहे : कट. पुण्याला कुठे, हे आधीच ठरलेले असते, असा लोकांचा संशय असतो. तो प्रत्येक वेळी खरा नसेल, पण निराधारही नाही. विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगाला ठाऊक झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०१३ मध्ये रुग्ण पाठविल्याबद्दल एका तपासणी केंद्राचा १२०० रुपयांचा धनादेश आला, तेव्हा त्यांनी तो परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. आचारनियमांत अशी दलाली निषिद्धच आहे. २०१७ मध्ये राज्यात कटविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला, तो कागदावरच राहिला. उघड फी मागायला लाजणारा माणूस झाकलेली दलाली घेताना मात्र लाजत नाही, ही गोष्ट मला नेहमी चमत्कारिक वाटत आली आहे.

यावर काही रुग्णालयांनी उपाय काढला आहे तो काउंटरचा. पैशाचे मला विचारू नका, बाहेर विचारा. डॉक्टरांची सुटका होते, पण काउंटरवरच्या मुलीला मण्यार आणि रक्तस्राव यांतला फरक सांगता येत नाही. हिशेब तिने खुशाल करावा. पहिले वाक्य डॉक्टरांचेच हवे. त्यातच सरकारी योजनेचाही उल्लेख यायला हवा. जनआरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत नेण्याचा आणि ती सर्वांना खुली करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, पण हे रुग्णालय योजनेत आहे की नाही आणि हा आजार त्यात बसतो की नाही, हे तिसऱ्या दिवशी कळून उपयोग काय? योजनेतल्या रुग्णालयात न्यायचे असेल, तर ते पहिल्या तासात सांगावे लागते. समोर आलेला रुग्ण त्यामुळे हातचा जातो, हे खरे. बँकेचा हप्ता डोक्यावर असलेल्या डॉक्टरची खरी परीक्षा तेथे होते.

हल्ली मी सोबत जातो तेव्हा आत गेल्यावर पहिल्यांदा पैसे कोण देणार आहे त्यालाच खुर्चीत बसवितो आणि पुढाऱ्याला चहाला पाठवितो. मग तीन गोष्टी विचारतो : रोज अंदाजे किती, किती दिवस, आणि कोणत्या टप्प्यावर आपण पुन्हा बोलायचे. काही डॉक्टर वैतागतात. गेल्या पावसाळ्यात एका तरुण डॉक्टरांनी मात्र केसपेपरची पाठ उलटी केली, मराठीत तीन ओळी लिहिल्या आणि खाली तारीख घातली. रोग्याच्या थोरल्या भावाने तो कागद दोनदा वाचला, घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि तेथूनच दूध डेअरीच्या चेअरमनला फोन लावून विचारले, "दादा, पुढच्या दहा दिवसांचा पगार आधी मिळंल का?"