टक्के नकोत, किलोमीटर मोजा

मंडळी, ह्या वीकेंडला जरा भांडायचा मूड आहे. आधीच सांगून ठेवतो.

विषय आहे गोंदिया. आपल्यापैकी बहुतेकांना हे नाव मुंबई-हावडा मार्गावरचं एक जंक्शन म्हणून माहीत असतं, तेही रात्री झोपेत मागे पडणारं. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा, भाताचा आणि तळ्यांचा हा जिल्हा. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. २०११ च्या जनगणनेत इथली साक्षरता जवळपास ८५ टक्के निघाली. राज्याची होती ८२ च्या आसपास. म्हणजे आपण ज्याला सर्रास 'मागास' म्हणून मोकळे होतो तो जिल्हा राज्याच्या पुढे! चला, टाळ्या वाजवा आणि फाईल बंद करा.

थांबा. आकडा जरा फोडून बघा. पुरुष सुमारे ९२ टक्के, स्त्रिया सुमारे ७८. मधली दरी १४ टक्क्यांची, आणि तीच दरी राज्यात साडेबारा. सरासरी चांगली दिसते ती पुरुषांच्या जोरावर. बरं, ह्यानंतरचा आकडा द्यावा म्हटलं तर २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही.

त्यातून 'साक्षर' म्हणजे कोण? जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे वय सात किंवा जास्त आणि कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणारी व्यक्ती. परीक्षा वगैरे काही नाही. घरातला माणूस 'हो' म्हणाला की झालं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हे बूलियन व्हेरिएबल आहे. चौथीनंतर शाळा सुटलेली मुलगी आणि बी.एस्सी. झालेली मुलगी, दोघींपुढे 'ट्रू'. अशा डेटावर आम्ही साधा रिपोर्ट काढला तरी क्लायंट फोन करून झापेल. सरकार त्यावर धोरण ठरवतं.

ह्यावर शहरातलं ठरलेलं उत्तर असतं, "अरे, तिकडच्या लोकांची मानसिकताच तशी असते, मुलींना शिकवायचंच नसतं." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्याच २०११ च्या जनगणनेत गोंदियात दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. पुणे जिल्ह्यात? ९१५. आता सांगा, मानसिकतेवर लेक्चर कोणी कोणाला द्यायचं? रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून घर चालवणाऱ्या बाईला शिक्षणाची किंमत कळत नाही, असं एसी ऑफिसात बसून म्हणणं फार सोपं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: मुलीचं शिक्षण हा तिथे मुख्यतः अंतराचा प्रश्न आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या जंगलपट्ट्यातल्या एखाद्या टोल्याचा विचार करा. चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा दारात असते. पुढे वरचे वर्ग मोठ्या गावात. मग हायस्कूल आणखी लांब. अकरावी-बारावी, त्यातही सायन्स हवं असेल, तर बहुधा तालुक्याचं गाव. म्हणजे यत्ता वाढते तसे किलोमीटर वाढतात, आणि मुलीचं वय वाढतं तशी घरच्यांची काळजी. प्रत्येक पायरीवर थोड्या मुली गळतात. कोणी त्यांना 'शिकू नको' म्हणत नाही. "कशी जाईल पोरगी?" एवढा एक प्रश्न पुरतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखालच्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असं लिहिलंय. छान. पण हा कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. नेमकं जिथे अंतर लांबतं तिथेच हक्क संपतो!

आणखी एक गोष्ट, आपल्यासारख्या मुंबई-पुण्याच्या लोकांच्या सहसा लक्षात न येणारी. गोंदिया मुंबईच्या सात अंश पूर्वेला आहे, म्हणजे तिथला सूर्य अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला सूर्यास्त. शाळेचं घड्याळ मात्र सगळ्या राज्यात तेच. पाचला घंटा झाली आणि घर पाच-सहा किलोमीटरवर असलं, तर मुलगी अंधारातच घरी पोचणार. मध्ये नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूचं जंगल असेल तर बिबट्याची भीतीही असते, आणि ती काही कथा-कादंबरीतली नसते.

ह्यावर उपाय माहीत नाहीत असं नाही. एसटीत मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आहेत, आठवीपासूनच्या मुलींना सायकली आहेत. ह्या योजना ज्याने कोणी आखल्या त्याला दुखणं नेमकं कळलं होतं. पण ज्या रस्त्यावर बसच येत नाही तिथे मोफत पासचं काय लोणचं घालायचं? बसवर किती काही टांगलेलं असतं ते २०२१ मध्ये दिसलं. करोनानंतर ४ ऑक्टोबरला गावातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा उघडल्या आणि महिनाभरात एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. शाळा उघडी, मास्तर हजर, आणि पोरगी घरी. कामगारांच्या मागण्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या पाच-सहा महिन्यांत मुलींच्या पर्यायी वाहतुकीवर कुठल्या चॅनेलवर चर्चा झालेली आठवते तुम्हाला?

अशा परिस्थितीत सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यभरात अशा सुमारे १५ हजार शाळा आणि त्यांत पावणेदोन लाखांवर मुलं. ह्याच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे आणि तो मी मान्य करतो. सहा मुलं, चार यत्ता आणि एक मास्तर अशी शाळा काही आदर्श नव्हे. मुलांना सोबती हवेत, खेळ हवेत. पण मग आधी बस आणा, ती पावसाळ्यात नाल्याला पूर आला तरी कशी चालेल ते दाखवा, आणि त्यानंतर शाळा हलवा. आम्ही जुना सर्व्हर बंद करण्याआधी नवा चालू करून महिनाभर दोन्ही समांतर चालवतो. सहा वर्षांच्या पोरीला तेवढीही काळजी मिळू नये?

आता पैशांचं बघू. १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत येण्यासाठी उपस्थिती भत्ता आहे. किती? दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२०. तीस वर्षं उलटली तरी रुपयाचा सव्वा रुपया झाला नव्हता! दुसरीकडे जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक पदवीचं शिक्षण शुल्क माफ झालं. त्याच महिन्यापासून २१ वर्षांवरच्या पात्र बहिणींना महिना १,५०० रुपये. दोन्ही चांगलं, मी विरोधात नाही. पण क्रम बघा. इंजिनिअरिंगची फी माफ झालेली मुलगी आधी बारावी सायन्सपर्यंत पोचली पाहिजे ना? १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं: कर भरतो तो शेतकरी, आणि सरकारचा पैसा जातो वरच्या थोड्यांच्या उच्च शिक्षणावर. आधी प्राथमिक शिक्षण बघा. एवढी वर्षं झाली, आपण अजून गच्चीपासूनच घर बांधतोय.

आणि आता जरा आपल्याकडे बघा. आपल्या कंपनीत रात्री बाई कामावर असेल तर तिला घरापर्यंत कॅब मिळते. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ती मालकाची जबाबदारी आहे. तिथे कोणी म्हणत नाही की "बायकांची मानसिकता बदला, मग रात्री काम करतील." सरळ गाडी पाठवतात, कारण बाई घरी सुखरूप पोचली नाही तर उद्या कामावर येणार नाही, हे सगळ्यांना कळतं. तीस वर्षांच्या, हातात मोबाईल असलेल्या बाईसाठी जे कळतं, ते सालेकशाच्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी का कळू नये?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्याने साक्षरतेच्या टक्क्यांशेजारी आणखी तीन आकडे छापावेत: प्रत्येक गावापासून दहावीचा वर्ग किती किलोमीटरवर, बारावी सायन्स किती किलोमीटरवर, आणि शाळा सुटल्यावर परतीची बस किती वाजता. ह्याला ना समिती लागते ना कन्सल्टंट. एक स्प्रेडशीट पुरते.

पुढच्या वेळी कुठला नेता 'आमचा जिल्हा ८५ टक्के साक्षर' म्हणाला, तर टाळ्या वाजवायच्या आधी त्याला एवढंच विचारा: "साहेब, शेवटची बस किती वाजता?"