ओपन वेबच्या नावानं चांगभलं!

वेब कॉन्फरन्समध्ये 'ओपन वेब' या विषयावर बोलणं म्हणजे सत्यनारायणाच्या आरतीसारखं झालंय. चाल सगळ्यांना पाठ, टाळ्या कुठे वाजवायच्या तेही पाठ, आणि प्रसाद घेतला की जो तो आपापल्या वाटेनं. विरोध कुणाचाच नाही. आता ज्या गोष्टीला कुणाचाच विरोध नाही, तीच दरवर्षी थोडी थोडी हरत असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की.

मंडळी, अशाच एका कॉन्फरन्समध्ये यंदा मीही बोललो. नाव घेत नाही, कारण इतर ठिकाणीही चित्र फारसं वेगळं नसतं. नोंदणी फक्त ऍपमधून, तीही मोबाईल नंबर दिल्याशिवाय नाही. वेळापत्रक त्याच ऍपमध्ये. चर्चा एका मेसेजिंग ग्रुपवर. भाषणांच्या स्लाइड्स लॉगिनच्या पलीकडे. म्हणजे ओपन वेबवरचं भाषण वेबवर उघडून वाचायची सोयच नाही! आता संयोजक काही खलनायक नव्हेत, तुमच्या-माझ्यासारखेच इंजिनियर. त्यांना यात काही विसंगत वाटलं नाही, हेच तर दुखणं आहे.

'ओपन' म्हणजे फुकट किंवा छान-छान असा काहीतरी समज झालाय. तसं नाहीये. १९९३ साली गोफर नावाची यंत्रणा वेबपेक्षा जास्त चालत होती. ती बनवणाऱ्या मिनेसोटा विद्यापीठानं त्या वर्षी तिच्या सर्व्हरसाठी काही जणांकडून लायसन्स फी घ्यायचं ठरवलं. लोक बिचकले. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्ननं वेबचं सॉफ्टवेअर सार्वजनिक करून टाकलं. परवानगी नको, रॉयल्टी नको. गोफर मागे पडायची इतर कारणंही होती, पण ज्याला काही नवीन बांधायचं होतं त्यानं कुठली वाट धरली ते उघड आहे. ओपन म्हणजे एवढंच : प्रत्येक पानाला पत्ता असतो, तो कुणीही कुणालाही देऊ शकतो, ते पान कुठल्याही ब्राऊजरमध्ये उघडतं, आणि मध्ये कुणाची परवानगी लागत नाही.

हे कुणाला पुस्तकी वाटत असेल तर त्यानं आपल्या मराठीचंच काय झालं ते बघावं. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. तरी पुढची दहा-पंधरा वर्षं बहुतेक मराठी संस्थळं आपापल्या खाजगी फॉन्टवर चालायची. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले, आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा भुगा. काहींनी डायनॅमिक फॉन्ट लावले, तर त्यातले बरेचसे फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये दिसायचे, लिनक्सवाला गेला उडत. सर्च इंजिनला तर त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. जगाच्या दृष्टीनं तो मजकूर मराठी नव्हताच!

यात फॉन्ट विकणाऱ्याचं नुकसान झालं नाही. नुकसान झालं वाचणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं. तेव्हाचं कितीतरी लिखाण शोधून सापडत नाही, आणि सापडलंच तर कन्व्हर्टर घेऊन बसावं लागतं. आपण त्यातून बाहेर आलो ते एका खुल्या, कुणाच्या खाजगी मालकीच्या नसलेल्या मानकामुळे. कुठल्या कंपनीच्या कृपेनं नव्हे.

आणि आता पुन्हा तेच चाललंय. फक्त कुलूप फॉन्टला होतं ते ऍपला लागलंय. आज मराठीत किती सुंदर लिहिलं जातं! आठवणी, पाककृती, गावांचे इतिहास, तब्येतीचे अनुभव. पण त्यातलं बरंचसं ग्रुपांमधून फॉरवर्ड होत फिरतं. लेखकाचं नाव दुसऱ्या उडीला गळतं. पत्ता नाही, तारीख नाही, शोधायची सोय नाही. अक्षरं युनिकोडमधली आहेत हो, पण सापडत नसतील तर उपयोग काय?

भाषणानंतर एकानं विचारलं, "पब्लिक ऍपवर आहे, पैसा ऍपवर आहे. ओपन वेब हा निव्वळ नॉस्टॅल्जिया नाही का?" प्रश्न रास्त आहे. ऍप वापरायला सोपं असतं, हे मी नाकारत नाही. पण ऍपचा मालक आपल्या सोयीनं दुकान बंद करतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. यावर कुणी म्हणेल, जिओसिटीजही २००९ मध्ये बंद झालंच की, ते तर वेबवर होतं. बरोबर! पण ती पानं उघडी होती, म्हणून स्वयंसेवकांना बंद व्हायच्या आधी त्यातली ढिगानं उतरवून ठेवता आली. बंद ग्रुपातल्या लेखासाठी असं कोण धावणार?

आणि लोकांना याची फिकीर नसते असं कुणी म्हणू नये. नेट न्यूट्रॅलिटीच्या वादात एप्रिल २०१५ मध्ये दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेल्या. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी केली आणि फेसबुकचं फ्री बेसिक्स इथून गेलं. ती लढाई टाळ्यांनी जिंकली नाही. कुणीतरी ट्रायचा किचकट मसुदा वाचला, मुद्देसूद उत्तरं लिहिली, लोकांना पाठवता येतील अशी करून दिली. काम केलं!

आपण इंजिनियर मात्र काय करतो? इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आला २००१ मध्ये, पुढची आवृत्ती आली २००६ मध्ये. त्या पाच वर्षांच्या साठमारीला आपण अजून शिव्या घालतो, आणि स्वतःची साईट फक्त क्रोममध्ये तपासून मोकळे होतो. मायक्रोसॉफ्टचा एजही २०२० पासून क्रोमियमवरच चालतो. मोठी म्हणावी अशी इंजिनं उरलीत तीन. हे आपल्याला कुठली कंपनी बंदूक लावून करायला सांगत नाही. टेस्टिंगचा एक दिवस वाचतो म्हणून आपणच करतो.

तर माझं म्हणणं सरळ आहे. ओपन वेबवर बोलणाऱ्यानं आधी आपलं भाषण साध्या एचटीएमएल पानावर, मजकुराच्या रूपात, स्वतःच्या डोमेनवर टाकावं. ते फायरफॉक्समध्ये आणि स्वस्तातल्या फोनवर उघडतंय का ते बघावं. कॉन्फरन्सवाल्यांनी वेळापत्रकाला एक पत्ता द्यावा, जो पाच वर्षांनीही उघडेल. आणि ग्रुपवर एखादा चांगला मराठी लेख आला, तर लिहिणाऱ्याला शोधून म्हणावं, "काका, हे वेबवर टाकूया, मी बसतो तुमच्याबरोबर." तासाभराचं काम आहे.

एवढंही जमणार नसेल तर स्टेजवर खुशाल दुसऱ्या विषयावर बोला. विषय पुष्कळ आहेत :-)