वर्ष वाचले, पण तास?

टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन अध्यापनाने विद्यार्थ्यांचे ‘वर्ष वाचवले’, असे आता चर्चासत्रांतून निःशंकपणे सांगितले जाते. आम्ही त्या काळात पदवीच्या वर्गांना मराठी शिकवत होतो, म्हणून विचारतो : नेमके काय वाचले? वेळापत्रक वाचले, हजेरीचे तक्ते भरले, निकाल लागले. अध्यापन झाले का, हा प्रश्न निराळा आहे.

उत्तनचेच पाहा. या कोळी वस्तीतली मुले आमच्या वर्गात दरवर्षी असतात. पावसाळ्यातली मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. २०२० च्या ऑगस्टमध्ये आमचे ऑनलाइन तास सुरू झाले आणि त्याच सुमारास बोटी निघाल्या. घरातला एकुलता स्मार्टफोन वडिलांबरोबर समुद्रावर गेला. आमच्या तक्त्यात मुलगा गैरहजर! उत्तन महानगरपालिकेच्या हद्दीत येते, म्हणजे कागदोपत्री शहरच. पण २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील शहरी घरांपैकीही ४२ टक्के घरांतच इंटरनेटची सोय आढळली होती. ग्रामीण भागात ती १४.९ टक्के होती. ही आकडेवारी टाळेबंदीपूर्वीच उपलब्ध होती.

ज्यांच्या हाती फोन होता त्यांचे तरी काय झाले? फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) आम्ही वर्गात मोठ्याने वाचून शिकवतो. ओवी कानावर पडल्याशिवाय कळत नाही. एरवी एखाद्या शब्दापाशी उत्तनची मुलगी अडवते, “सर, आमच्या घरी हे वेगळं बोलतात,” आणि मग तासाचा ताबा तिच्याकडे जातो. पडद्यावर आम्ही सर्वाधिक वेळा उच्चारलेले वाक्य होते : “माइक बंद ठेवा.” आवाज तुटत होता, गोंगाट होत होता, हे खरे. पण ज्या तासात विद्यार्थ्याला अडवता येत नाही, त्याला साहित्याचा तास म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

परीक्षेविषयी न बोललेलेच बरे. कवितेच्या आशयाला चार पर्याय देऊन त्यांतला एक बरोबर ठरवण्याचे काम आम्हीच केले. त्या पापात आम्हीही वाटेकरी आहोत.

‘दुसरा मार्गच नव्हता’ हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. दूरस्थ विद्यार्थ्याला छापील पुस्तके देऊन शिकवण्याची रीत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून याच राज्यात रुजवली. नेमलेल्या पुस्तकांतले वेचे टपालाने पाठवणे, मुलांनी वहीत लिहिलेले मागवून तपासणे, एवढे आम्हांला जमण्यासारखे होते. आम्ही लिंक पाठवत बसलो, कारण लिंकची नोंद आपोआप होते.

पुढे मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक विषयाचे ४० टक्क्यांपर्यंत अध्यापन ऑनलाइन करण्याचा मसुदा मांडला. म्हणजे अडचणीतली तडजोड नेहमीची रीत व्हायची होती. आमचे म्हणणे एवढेच : पुन्हा वर्ग बंद पडले, तर पहिल्या आठवड्यात छापील वेचे घरोघर जावेत. वर्ग उघडल्यावर बुडालेले तास दिवाळीच्या सुटीत का होईना, समोरासमोर घ्यावेत. आणि तोवर पडद्यावर उरकलेले तास ‘झाले’ म्हणून नोंदवू नयेत.